लोणी चोरणारी शेजारीण : लोकसमजुती पुरावा म्हणून कशा वाचायच्या?

लोकसमजुतींना इतिहासाचा पुरावा मानायचं का, हा प्रश्न संशोधन आराखडा लिहिताना हमखास पडतो. आयर्लंडचं एक उदाहरण घेऊन बघू.

१ मे हा तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीचा सण. त्या दिवशी शेतकरी घरातून विस्तव, दूध किंवा मीठ कोणाला द्यायचं नाही, असा दंडक होता. समज असा, की त्या पहाटे एखाद्या बाईनं तुमच्या कुरणातलं दव फडक्यानं टिपून नेलं, तर तुमचं वर्षभराचं लोणी तिच्या घरी जातं. लोणी घुसळताना कोणी आलं, तर त्यानंही थोडं घुसळायचं. तसाच निघून गेला तर संशय.

‘अंधश्रद्धा’ म्हणून शिक्का मारलात, की पुरावा हातचा गेला. त्याऐवजी विचारा : मे महिनाच का? लोणीच का? बाईच का?

गायी वसंतात वितात, मेमध्ये गवत वाढतं, दूध वाढतं. लोण्याचा हंगाम तिथून सुरू. अनेक कुळांचा खंड लोण्याच्या पैशातून भागे. कॉर्कच्या बाजारातून आयरिश लोणी समुद्रापार जाई. म्हणजे लोणी निघालं नाही, तर जमीनच धोक्यात. साय फार थंड किंवा फार गरम असली, तर लोणी नीट येत नाही. पण कारण कळलं नाही, की माणूस शोधला जाई. घुसळणं बायकांचं काम, म्हणून संशयही बहुधा बाईवर. सशाच्या रूपात गायीचं दूध पिणाऱ्या म्हातारीच्या कथा याच भीतीतून आल्या, असं मला वाटतं.

आता साधनाकडे वळू. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून वह्या भरल्या. विषयांची यादी पुस्तिकेतून आधीच दिलेली होती. तोवर बऱ्याच भागांत दूध यांत्रिक डेअरीत जाऊ लागलं होतं. त्यामुळे १९३८ ची वही म्हणजे बहुतेकदा आजीआजोबांच्या काळाची आठवण, तीही मुलानं लिहिलेली.

म्हणून टिपणं काढताना प्रत्येक नोंदीपुढे लिहा : कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, कोणत्या काळाबद्दल. आणि एक रकाना आणखी ठेवा : कोणाचं म्हणणं इथे नाही? लोणीचोरीच्या बहुतेक नोंदींत तिथे एकच उत्तर येईल. जिच्यावर आळ आला, तिचं.