माता, पिता आणि आचार्य : एका क्रमाची कथा

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. देवासमान मानावयाच्या व्यक्तींचा क्रम त्यात सांगितला आहे : आधी माता, मग पिता, नंतर आचार्य आणि शेवटी अतिथी. सांगणारा स्वतः आचार्य असून त्याने आपल्याकडे तिसरे स्थान घेतले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न चक्क अंकगणिताने सोडविला आहे. उपाध्यायाहून आचार्य दहापट, आचार्याहून पिता शंभरपट आणि पित्याहून माता सहस्रपट गौरवास पात्र, असा तो हिशेब. पण लगेच पुढच्या श्लोकात जन्म देणाऱ्या पित्याहून वेद देणारा पिता श्रेष्ठ ठरविला आहे. टीकाकारांनी दोन ठिकाणी ‘आचार्य’ शब्दाचा वेगळा अर्थ लावून ही विसंगती मिटविण्याचा यत्न केला. आम्हांस मात्र ती मिटवू नये असे वाटते. मुलावर अधिक अधिकार कोणाचा, याविषयी त्या समाजाचे मन खरोखरच दुभंगलेले होते.

याच अध्यायातील ‘गुरू’ शब्दाची व्याख्या तर वाचकाला थबकविते. गर्भाधानापासूनचे संस्कार यथाविधी करून जो अन्नाने पोषण करतो, त्याला तेथे गुरू म्हटले आहे. म्हणजे मुळात बापच गुरू. उलट अथर्ववेदाच्या ब्रह्मचर्यसूक्तात उपनयन करणारा आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या उदरात गर्भरूपाने धारण करतो, अशी कल्पना आहे. बापाला गुरूचे नाव मिळाले आणि गुरूला आईचे उदर! शिकविणे हे पोसण्याचेच एक रूप, ही समजूत या देवघेवीच्या मुळाशी आहे.

ती समजूत विधीतही उतरली. आपल्याकडच्या मुंजीत मातृभोजन होते. बटू आईबरोबर एका पानावर जेवतो, आणि त्यानंतर पहिली भिक्षाही आईच घालते. आईच्या हातचा घास सुटल्यावर पुढचा घास कोणी द्यावयाचा? या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर माधुकरीचे आणि वारांचे. गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवत असे. विद्या गुरूकडची आणि अन्न गावातल्या गृहिणींचे. त्या अन्नात माया होती तशी लाचारीही होती. वार लावून शिकलेल्या पिढीने दोन्ही चाखली.

मात्र हे उदर सर्वांसाठी नव्हते. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला आपले गोत्र ठाऊक नाही. आई जबाला त्याला निःसंकोचपणे सांगते की, अनेकांकडे सेवाचाकरी करीत असताना तू झालास. गोत्र मलाही माहीत नाही, माझेच नाव लाव. हारिद्रुमत गौतमांनी त्या सत्यवचनावरच त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण या वचनामुळेच गौतमांनी त्याला ब्राह्मण ठरविले, हे सांगावयाचे राहून जाते. ज्याच्या सत्याने असे काही सिद्ध होणार नव्हते, त्याचे काय? धर्मशास्त्राने शूद्रांना आणि पुढे स्त्रियांनाही त्या दाराबाहेरच ठेवले. मनूने तर विवाह हेच स्त्रीचे उपनयन आणि पतिसेवा हाच तिचा गुरुगृहवास मानला. सहस्रपट गौरव जिला दिला, त्या मातेलाच आचार्य नाकारला, हे त्या अंकगणिताचे उणे बाजूचे उत्तर.

ते दार उघडण्याची एक हकीकत बडोद्याची आहे. कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव 1875 साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याचे शिक्षण जवळजवळ शून्य होते. जन्मदाती दूर राहिली, दत्तक माता राजवाड्यात होती, आणि घडविण्याचे काम इलियट या इंग्रज शिक्षकाकडे आले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने नंतरची. 28 डिसेंबर 1881 रोजी याच तरुणाने सयाजीराव महाराज म्हणून पूर्ण अधिकार हाती घेतले. उशिरा अक्षरे भेटलेल्या माणसाला अक्षरांची जी ओढ असते, तीच पुढे त्यांच्या कारभारात दिसते, असे मानावयास जागा आहे.

1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, मुलींसाठीही. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होऊ लागला. शेतावर हाताशी येऊ लागलेले पोर सरकार ओढून नेते, अशी तक्रार कुणब्याने केली असेल, तर तीही खोटी नव्हती. आईबापांच्या हक्काहून शिक्षकाचा हक्क मोठा, हे जुने वादग्रस्त विधान येथे प्रथमच जातीचे कुंपण ओलांडून कायद्याच्या भाषेत आले.

सक्तीची ती थोडी वर्षे संपली की मूल पुन्हा शेतावर जाई आणि शिकलेले विसरे. महाराजांना याची जाण होती. 1910 साली त्यांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे खाते उभे केले. आणि ज्या गावांत वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या.