मोठी एसयूव्ही आणि पिकअप: गचके का बसतात, एका टाकीत किती अंतर जाते?

गाडी जितकी मोठी आणि जड, तितका प्रवास आरामाचा, असा समज आहे. प्रत्यक्षात आराम ठरतो तो गाडीच्या सांगाड्यावर, मागच्या ॲक्सलवर आणि टायरवर.

चेसिसचा फरक

ट्रक, पिकअप आणि फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांसारख्या एसयूव्ही शिडीच्या आकाराच्या पोलादी चेसिसवर बांधलेल्या असतात. ही रचना वजन आणि ओबडधोबड रस्ते चांगले सहन करते. पण अशा बहुतेक गाड्यांमध्ये मागची दोन्ही चाके एकाच जड ॲक्सलने जोडलेली असतात. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की धक्का दुसऱ्या चाकालाही जाणवतो. एक्सयूव्ही 700 सारख्या गाडीत वेगळी चेसिस नसते आणि मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. म्हणून मागच्या सीटवर हिंदकळणे कमी होते.

पाटे की कॉइल स्प्रिंग?

टोयोटाची हायलक्स आणि फॉर्च्युनर मुळात एकाच सांगाड्यावर आधारलेल्या आहेत. हायलक्स माल वाहण्यासाठी असल्याने तिला मागे पाटे असतात, तर फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग. पाटे वजन पेलण्यासाठी कडक ठेवलेले असतात. म्हणूनच रिकामी पिकअप उडते आणि थोडा माल भरला की शांत चालते. अमेरिकेत रॅम 1500 या पिकअपने 2009 च्या मॉडेलपासून मागे कॉइल स्प्रिंग दिले, ते मुख्यतः आरामासाठीच.

ॲव्हरेज आणि पल्ला एकच नव्हे

पल्ला म्हणजे टाकीतले लिटर गुणिले ॲव्हरेज. समजा, एका गाडीची टाकी 80 लिटरची आहे आणि ॲव्हरेज 10 किमी. दुसरीची टाकी 50 लिटरची आणि ॲव्हरेज 16 किमी. दोघींचा पल्ला 800 किमीच, पण पहिलीला त्यासाठी 30 लिटर इंधन जास्त लागते. मोठी टाकी कमी ॲव्हरेज झाकते, खर्च नाही. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-150 ला 36 गॅलनची, म्हणजे सुमारे 136 लिटरची टाकीही मिळते. तिथे लांबच्या पल्ल्याचे गणित मोठ्या टाकीनेही जुळवले जाते.

कागदावरचा आकडा रस्त्यावर का मिळत नाही?

पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ॲव्हरेजची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. भारतात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या चाचणीचक्रात कमाल वेग ताशी 90 किमी असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 80 वरून 100 वर गेल्यास तो सुमारे दीडपट होतो. उंच, चौकोनी एसयूव्हीला याचा फटका जास्त बसतो. टपावरचे कॅरिअर, घाट आणि वाहतूक कोंडी यांनी ॲव्हरेज आणखी घटते. डॅशबोर्डवर दिसणारा पल्लाही अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. घाट लागला की तो झपाट्याने कमी होऊ शकतो.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

• टेस्ट ड्राइव्हमध्ये खराब रस्त्यावर मागच्या सीटवरही बसून पाहावे.
• मोठ्या रिमवर टायरची उंची कमी असेल, तर धक्के जास्त लागतात.
• हवा कमी ठेवल्यास गाडी मऊ वाटते, पण इंधन जास्त जाते आणि टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. योग्य दाब बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.
• खरे ॲव्हरेज काढायचे, तर टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे.