कायदा मालकासाठी, बेड्या मजुराला!

कागदपत्रे नसलेल्या मजुराला राबवून घेणाऱ्या मालकाला शिक्षा झाली पाहिजे, हे कोणालाही पटेल. पण अशा कायद्याचा मार शेवटी कोणाच्या पाठीवर बसतो? अमेरिकेचा इतिहास याचे उत्तर देतो.

१९५२ च्या अमेरिकी कायद्याने बेकायदा स्थलांतरिताला आसरा देणे गुन्हा ठरवले. मात्र त्याला नोकरी देणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पळवाटही त्यातच ठेवली. टेक्सासच्या शेतमालकांना स्वस्त हात हवे होते ना!

१९७१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अशा मालकांना २०० ते ५०० डॉलर दंड लावला. कंत्राटदारांविरुद्ध या कायद्याचा आधार घेऊन शेतमजूरच कोर्टात गेले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा अधिकार मान्य केला.

१९८६ मध्ये केंद्राने देशभर मालकांना दंड लागू केला. राज्यांच्या हाती उरला तो धंद्याच्या परवान्यापुरता अधिकार. केंद्राच्या कायद्यात अट एकच, मालकाने 'जाणूनबुजून' नेमलेले असावे. कागद वरवर खरा दिसला की मालक मोकळा!

२००७ मध्ये ॲरिझोनाने परवान्याचाच आधार घेतला. पहिल्या गुन्ह्याला परवाना स्थगित, दुसऱ्याला कायमचा रद्द. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाही उचलून धरला. प्रत्यक्षात काय घडले? धाडींत शेकडो मजूर खोट्या ओळखपत्रांच्या आरोपाखाली पकडले गेले. शिक्षा झालेले मालक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

त्याआधी, २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक घाव घातला होता. युनियनला साथ दिली म्हणून बेकायदेशीरपणे काढलेल्या कामगाराकडे कागदपत्रे नसतील, तर त्याला बुडालेली मजुरी मिळणार नाही! म्हणजे संघटित होणारा कामगार काढून टाकणे मालकाला स्वस्त पडले.

हे आम्हाला परके नाही. हाताने मैला उचलायला लावणाऱ्याला १९९३ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद होती. २०१३ मध्ये नवा कायदा आला. आमची माणसे आजही गटारात गुदमरून मरतात. शिक्षा झालेला कंत्राटदार क्वचितच दिसतो.

संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असे बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बजावले होते. म्हणून आमची कसोटी साधी आहे. मालकाला दंड किती, हे नंतर पाहू. आधी सांगा, ज्याचे शोषण झाले त्याला निर्भयपणे तक्रार करण्याचा, मजुरी वसूल करण्याचा आणि संघटित होण्याचा हक्क कायदा देतो का? देत नसेल, तर तो कायदा मालकाचाच आहे.

जय भीम!