आरसा वगळणारे रासकर

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा दृश्यपट जगापुढे मांडला. छोट्या चित्रनलिकांतील आकृती अर्धपारदर्शक आरशांवरून डोळ्यांत येई आणि आरशापलीकडची खोलीही दिसे. मात्र असा आरसा प्रकाशाची वाटणी करतो; आकृती उजळावी, तर समोरचे जग काळवंडते.

नाशिकच्या रमेश रासकर यांनी आरसाच वगळला. २००१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील सहकाऱ्यांसह त्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने रंग आणि ऊनसावली उमटवली. पाहणाऱ्याच्या डोक्यावर काहीही नव्हते! अर्थात माणूस मध्ये आला की त्याची सावली पडे, काळ्या वस्तूवर रंग खुलत नसत आणि प्रोजेक्टर खोलीतच राही. चालत्या माणसासाठी पुन्हा काचच निवडावी लागली. २०१६ च्या होलोलेन्समध्ये चित्र तरंगवाहक काचेतून डोळ्यांपर्यंत येते. त्यातला बराच प्रकाश वाटेतच हरवतो.