लिटलच्या रोगाची कथा

मूल दोन वर्षांचे झाले तरी बसत नाही. उभे करावे तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. बोलू गेले तर तोंड वेडेवाकडे होते आणि शब्द घशातच अडतो. असे मूल पाहिले की शेजारीपाजारी दोन निकाल देऊन मोकळे होतात. एक, मूल मंदबुद्धी आहे. दुसरा, बाळंतपणात काहीतरी चुकले. हे निकाल किती घाईचे आहेत, हे या रोगाचा इतिहासच सांगतो.

लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता. १८३६ साली हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर या शस्त्रवैद्याने टाचेमागची कंडरा कापून तो सुधारला. ती विद्या घेऊन लिटल मायदेशी परतले. ताठर हातापायांची मुले त्यांच्याकडे येऊ लागली. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे निबंध वाचून त्यांनी या व्यंगाचा संबंध अवघड प्रसूती, अकाली जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांच्याशी जोडला. यांपैकी काही मुलांची बुद्धी शाबूत असते, हेही त्यांनी नोंदविले. पुढे या व्याधीला 'लिटलचा रोग' असेच नाव पडले.

१८८९ साली विल्यम ऑस्लर यांनी फिलाडेल्फियातील १५१ रुग्णांचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. त्यानंतर व्हिएन्नात एका तरुण मेंदूतज्ज्ञाने लिटलच्या मताला हरकत घेतली. तो तज्ज्ञ म्हणजे सिग्मंड फ्रॉइड! मनोविश्लेषणाने जगप्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांनी या विषयावर बरेच लेखन केले. त्यांचा मोठा ग्रंथ १८९७ चा. त्यांचा प्रश्न असा की, प्रसूती अवघड झाली म्हणून मेंदू दुखावला, की गर्भातच काही बिघडले होते म्हणून प्रसूती अवघड झाली? या प्रश्नाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९८० नंतरच्या मोठ्या पाहण्यांनी मात्र दाखविले की जन्मसमयी श्वास कोंडणे हे कारण थोड्याच मुलांत आढळते. अकाली जन्म, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, नवजात बाळाची तीव्र कावीळ अशी कारणे पुष्कळ आहेत. आईला दोषी धरण्यास आधार उरला नाही.

आता वाणीचे पाहू. एक शब्द उच्चारायला ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो. पायांचे स्नायू ज्या कारणाने ताठरतात, त्याच कारणाने हा मेळही बिघडतो. विचार तयार असतो, तो बाहेर पडायची वाट अडलेली असते. डब्लिनच्या क्रिस्टी ब्राउनने डाव्या पायाच्या बोटांनी लिहायला शिकून १९५४ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९७१ पासून टोरांटोमध्ये न बोलणारी मुले चार्ल्स ब्लिस यांच्या चित्रचिन्हांवर खुणा करून संवाद करू लागली.

आपल्या मुंबईत १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापून शाळा काढली. त्यांची स्वतःची मुलगी याच व्याधीची होती. पुढे १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी अशा मुलांचे हक्क मान्य केले.

पण कायदा घरी येऊन मुलाशी बोलत नाही. मेंदूची ही इजा भरून येत नाही, तशी ती वाढतही नाही. व्यायामाने, शिक्षणाने पुष्कळ साधते. आपण एवढे तरी करावे: अशा मुलाला प्रश्न विचारला, तर त्याच्या आईकडे न पाहता उत्तरासाठी त्याच्याकडेच पाहावे, आणि थोडे थांबावे.