युद्धकाळातील अन्न : मुंबईची शिधापत्रिका आणि बंगालची उपासमार

युद्धाचा इतिहास बहुधा रणांगणावरून लिहिला जातो; परंतु युद्धाने मरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी शस्त्र हाती धरलेलेही नसते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाला याचा दारुण प्रत्यय आला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. मुंबई शहर तर बाहेरच्या धान्यावरच जगणारे. तेथे मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि धान्याचा हिस्सा ऐपतीवरून नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवरून ठरू लागला. काळाबाजार थांबला नाही, तरी गिरणी कामगाराच्या चुलीला शिधापत्रिकेचा आधार मिळाला.

त्याच वर्षी बंगालमध्ये काय घडले? कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणामागे तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ पर्यंत ३७ रुपयांवर गेला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीतील नावा सरकारने आधीच काढून घेतल्या होत्या. कारखान्यांतील कामगारांसाठी धान्याची तजवीज झाली. खेड्यातील शेतमजूर, कोळी व कारागीर मात्र वाऱ्यावर राहिले. कलकत्त्यात शिधावाटप आले ते १९४४ च्या आरंभी. वुडहेड आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. धान्य किती पिकले यापेक्षा ते मिळवण्याचे सामर्थ्य कोणाकडे होते, हा प्रश्न निर्णायक असल्याचे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.

देवळाली प्रवरेच्या वाचकास हे परके वाटू नये. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. परंतु त्या फडात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला भाकरीचे धान्य विकतच घ्यावे लागले. शिवारात पाणी आले म्हणून त्याच्या कणगीत दाणा आला, असे होत नाही. भाव भडकले की प्रथम त्याचीच भाकर हिरावली जाते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून दमलेल्या त्या भुकेल्या माणसाला तथागतांनी आधी जेवू घातले, मग धम्म सांगितला. त्याची योग्यता त्यांनी विचारली नाही. मुंबईच्या शिधापत्रिकेत या दृष्टीचा अंश होता. बंगालच्या खेड्यांत तो नव्हता. युद्धकाळी अन्नदानाची खरी कसोटी कोठारात नसते. यादीतून कोण वगळला गेला, यात ती असते.