ब्राउझरमधून फाइल अपलोड होते, मग स्क्रिप्टमधून का होत नाही?

गॅलरीतला फोटो निवडला, ‘सबमिट’ दाबलं, काम झालं. हेच पन्नास फोटोंसाठी करायचं म्हणून तुम्ही पायथनमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिता आणि सर्व्हर ४०० एरर देतो. किंवा त्याहून वाईट, २०० देतो, पण फाइल पोहोचलेलीच नसते. साइट तीच, फोटो तोच. फरक असतो तो रिक्वेस्टच्या बांधणीत.

एचटीएमएल फॉर्ममधून फाइल पाठवायची पद्धत १९९५ मध्ये आरएफसी १८६७ ने मांडली. आज या फॉरमॅटसाठी २०१५ चा आरएफसी ७५७८ बघायचा. फॉरमॅटचं नाव मल्टिपार्ट फॉर्म-डेटा. एका मोठ्या पाकिटात फॉर्मच्या प्रत्येक फील्डची वेगळी चिठ्ठी, आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये एक खुणेची ओळ, असं समजा. या खुणेला बाउंडरी म्हणतात. कोणती बाउंडरी वापरली आहे हे ‘कन्टेन्ट-टाइप’ हेडरमध्ये सांगावं लागतं. बॉडीमध्ये तीच बाउंडरी पुढे दोन डॅश लावून येते, आणि शेवटच्या वेळी मागेही दोन डॅश लागतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. ब्राउझरमध्ये दिसलेला कन्टेन्ट-टाइप हेडर ते जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये चिकटवतात. पण पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी दर वेळी स्वतःची नवी बाउंडरी बनवते. हेडरमध्ये एक, बॉडीत दुसरी. सर्व्हरला चिठ्ठ्या वेगळ्या करताच येत नाहीत. उपाय सोपा आहे: तो हेडर तुम्ही लिहूच नका. फाइल ‘फाइल्स’ पॅरामीटरमधून द्या, बाकीची फील्ड्स ‘डेटा’मधून, हेडर लायब्ररी लावेल. क्रोमसारखीच बाउंडरी दिसावी म्हणून खटाटोप करू नका, ती काय आहे याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नसतं.

मग बघा चिठ्ठीच्या आत. फाइलच्या भागात तीन गोष्टी हव्यात: फील्डचं नाव, फाइलचं नाव आणि फाइलचा प्रकार. फील्डचं नाव फॉर्ममध्ये आहे अगदी तेच पाहिजे. फाइलचं नाव गेलं नाही, तर पीएचपी त्या भागाला फाइल न समजता साधा मजकूर समजतं. आणि प्रकार? ब्राउझर तो आपणहून लिहितो, कर्ल एक्स्टेन्शनवरून अंदाज लावतो, पण रिक्वेस्ट्स लायब्ररी तुम्ही सांगितल्याशिवाय लिहीतच नाही. ‘फक्त जेपीजी चालेल’ असं तपासणारा सर्व्हर मग फाइल परत पाठवतो. म्हणून नाव, फाइल आणि प्रकार असे तिन्ही एकत्र, टपल म्हणून द्या.

आपल्याला खास नडणारी गोष्ट म्हणजे देवनागरी फाइलनाव. ‘आजीचा फोटो’ असं नाव असेल तर ब्राउझर ते साधारणपणे सरळ यूटीएफ-८ मध्ये पाठवतो. रिक्वेस्ट्सच्या खाली काम करणारी यूआरएललिब३ मात्र १.२५ आवृत्तीच्या आधी ते वेगळ्या, फाइलनेमपुढे तारांकन असलेल्या पद्धतीने लिहायची. ही पद्धत आरएफसी ७५७८ ने फॉर्मसाठी स्पष्ट नाकारली आहे. इंग्रजी नावाची फाइल जाते आणि मराठी नावाची जात नाही असं झालं, तर आधी लायब्ररी अपडेट करा.

बॉडी बरोबर असूनही ४०३ आला तर बहुतेक वेळा लॉगिनची कुकी किंवा सीएसआरएफ टोकन राहिलेलं असतं. जॅन्गोच्या साइटवर एचटीटीपीएस असेल तर ओरिजिन किंवा रेफरर हेडरही तपासला जातो. फॉर्मचं पान आधी त्याच सेशनमधून उघडा, लपवलेलं टोकन वाचा, मग अपलोड करा. हे सगळं स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या साइटवरच करायचं. कॅप्चा लावलेला असेल तर तिथे स्क्रिप्ट नको असंच त्यांचं म्हणणं आहे.

तरीही जमत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, दोन्ही रिक्वेस्ट शेजारी ठेवा. संगणकावरच्या क्रोममध्ये डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब उघडून पेलोड बघा. फोनवरच्या क्रोममध्ये हा टॅब नाही, त्यासाठी यूएसबी डिबगिंग चालू करून फोन संगणकाला जोडावा लागतो. स्क्रिप्टच्या बाजूने रिक्वेस्ट न पाठवता फक्त ‘प्रिपेअर’ करा आणि तिचे हेडर व बॉडी प्रिंट करा. फील्ड्सचा क्रमही तपासा: ॲमेझॉन एस३ वर फॉर्ममधून थेट अपलोड करताना फाइल सगळ्यात शेवटी लागते, तिच्यानंतर आलेली फील्ड्स धरली जात नाहीत.